बोटभर सुरीला कोयत्याचा भाव

गोणपाटावर नऊ कोयते होते, सोळा खुरपी, पाच विळे, दोन कुऱ्हाडी आणि कोपऱ्यात फडक्याच्या घडीवर तीन सुऱ्या. सुरीची पात बोटभर, मूठ धरून वीतभर. मधोमध तराजू आणि त्याची पाच वजनं, त्यातलं सगळ्यात लहान पन्नास ग्रॅमचं. गोणपाटाच्या एका टोकाला सारजाबाई बसली होती, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा वैजीनाथ. सोनपेठच्या आठवडी बाजारात ही जागा त्यांच्या घराण्याची, आणि तराजूही घराण्याचाच. वैजीनाथच्या आज्यापासून त्यांचं लोखंड तोलूनच विकलं जायचं. कोयता असो की खुरपं, आधी पारड्यात पडायचं, मग तोंडातून भाव निघायचा. गिऱ्हाईकालाही तेच बरं वाटे. डोळ्यांदेखत काटा हलला की मनात शंका राहत नाही.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या, म्हणून कोयत्यांना उठाव होता. राणीसावरगावचा मुकादम रामप्रसाद दरसाल टोळीसाठी इथूनच कोयते न्यायचा. त्यानं सहा निवडले, तोलून घेतले, बोटानं मिशीला पीळ दिला आणि मग त्याची नजर फडक्यावरच्या सुऱ्यांवर गेली.

"काकू, हे काय? लेकरांच्या खेळायला केलं का?"

"मोसंबीचे डोळे भरायची, म्हंजी फांदीवरचे कोंब काढून दुसऱ्या रोपाला बसवायची सुरी हाय," सारजाबाई म्हणाली. "नर्सरीत कलमं बांधती ना ती सविता, तिनं सांगितली व्हती."

"केवढ्याला?"

"कोयत्याला जे, तेच हिला."

रामप्रसादनं एक सुरी उचलून पारड्यात टाकली आणि दुसऱ्या पारड्यात पन्नासाचं वजन ठेवलं. सुरीचं पारडं वर गेलं ते खाली आलंच नाही. बाजारात अशा वेळी माणसं कुठून गोळा होतात कळत नाही, पाच-सहा जमलीच.

"बगा लोकहो, छटाकभर बी न्हाई. अन् भाव मागायल्यात कोयत्याचा! काकू, ह्या एका कोयत्याच्या पोटातून धा सुऱ्या निघतील. मंग काय धा कोयत्यांचे पैसे घेनार?"

हशा पिकला. वैजीनाथ कावराबावरा झाला. सहा कोयत्यांचं गिऱ्हाईक हसत का होईना, पण निसटायला नको, म्हणून त्यानं बाजारातला कुठलाही माणूस करील तेच केलं.

"घ्या मुकादम, ठेवा ती. सहा कोयत्यांवर एक सुरी वर."

सारजाबाई गुडघ्यांवर उठली, हात लांब केला आणि सुरी पारड्यातून काढून घेतली.

"वर द्यायला ती काय कोथिंबीर हाय?"

"अगं, मुकादम दरसालचे..."

"तुमी गप ऱ्हावा. मुकादम, तुमच्या घरी लेकरायसाठी चानकी करतेत का न्हाई?"

"करतेत की. तळहाताएवढी भाकरी. माझा नातू तेवढीच खातो."

"मंग चानकी भाजायला चूल अर्धीच पेटवतेत का? तवा अर्धाच तापवतेत? भाकरीला जेवढा विस्तव, तेवढाच चानकीला. अन् भाकरीकडं जरा पाठ केली तर चालतंय, चानकीकडं केली की कोळसा."

"खरं हाय," रामप्रसाद म्हणाला. "पर चानकी कुनी भाकरीच्या भावानं विकती का, काकू?"

आता हशा आणखी मोठा झाला. सारजाबाईनं सुरी फडक्याच्या घडीवर परत ठेवली. कोयते पाठीवर टाकून रामप्रसाद गेला. उन्हं कलता कलता सविता आली, म्हणाली, "नर्सरीच्या ताईनी सांगितलंय, आधी वापरून बग," आणि तीनपैकी एक सुरी परतीच्या बोलीवर घेऊन गेली. घरी जाताना वैजीनाथ दोनदा म्हणाला, "तोंडघशी पाडलंस."

एरवी तिनं ते हसण्यावारी नेलं असतं. पण यंदा त्या सुऱ्यांवर तिचं बरंच काही टांगलेलं होतं.

त्यांच्या भट्टीवर कामाची वाटणी ठरलेली होती. नवरा सांडशीनं तापलं लोखंड धरणार आणि लहान हातोडीनं जागा दाखवणार, बायको दोन्ही हातांनी घण घालणार. लग्न होऊन आली त्या वर्षापासून सारजाबाई घण घालत होती. आजूबाजूच्या गावांतल्या कोयत्यांमध्ये ट्रकच्या कमानीचा पाटा होता तसे तिचे दोन दंडही होते. या उन्हाळ्यात उजव्या खांद्यानं दगा दिला. गंगाखेडच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं, तो कानापर्यंत जाऊन थांबला. "घण बंद," डॉक्टर म्हणाले. गोणपाटावरचे नऊ कोयते तिच्या घणाखालून निघालेले शेवटचे.

घण नाही तर कोयता नाही, आणि कोयता नाही तर भट्टी कशाला? वैजीनाथचा धाकटा भाऊ माणिकराव पूर्णेला वेल्डिंगचं दुकान चालवायचा. मनानं चांगला माणूस. त्यानंच मार्ग काढला. "दादा, येळवशीचा सण झाला की मी टेंपो घेऊन येतो. ऐरण माझ्या दुकानात ठेवू, तू माझ्यासंगं काम कर. वैनीनी लय कष्ट केले, आता त्यायनी आराम करावा."

सगळ्यांना ते पटलं. सारजाबाईला मात्र आराम हा शब्द टोचला. लोखंड केव्हा मऊ आलं हे ती ठोक्याच्या आवाजावरून ओळखायची. हे ओळखणं घेऊन ती आता ओसरीवर बसून काय करणार होती?

लहान सुरीला घण लागत नाही. लहान हातोडी कोपरातून चालते, खांद्यातून नाही. म्हणूनच सविता डोळे भरायला सुरी मागायला आली तेव्हा सारजाबाईनं ती वैजीनाथला हात लावू न देता स्वतः घडवली होती. पण पहिल्याच दिवशी तिच्या ध्यानात आलं की एका कोयत्याला दोघांचा जेवढा वेळ जातो, त्याहून तिचा एकटीचा वेळ एका सुरीला कमी जात नाही. भट्टी तेवढीच पेटवायची, मूठ तेवढीच तासायची, रिवीट तेवढेच दोन. कमी लागतं ते फक्त लोखंड, आणि लोखंड तर या सगळ्यात स्वस्त. वैजीनाथचा हिशेब सरळ होता. सुरीला वजनाचा भाव मिळाला तर दोघं उपाशी राहतील. कोयत्याचा भाव मिळाला तर भट्टी राहील. नाहीतर येळवशीनंतर ऐरण पूर्णेला.

पुढच्या बाजारी सवितानं सुरी परत आणली. धार एका बाजूला दुमडली होती.

"मावशी, पयले धा-बारा डोळे लोण्यासारखे निघाले," ती म्हणाली. "मंग साल फाटायला लागली. साल फाटली की डोळा मरतो, अन् डोळा मेला की ताई मजुरी कापतेत."

घरी येऊन सारजाबाईनं उरलेल्या दोन सुऱ्या तपासल्या. एक तशीच मऊ निघाली. दुसरी उंबऱ्यावर टेकवून जरा दाबली तर टिच्च करून मोडली.

"म्हनलो व्हतो," वैजीनाथ म्हणाला.

"काय म्हनला व्हतात?"

वैजीनाथनं आठवून पाहिलं. "कायतरी म्हनलो व्हतो."

दुसऱ्या दिवशी तिनं नवी पात घडवली आणि तापवून, धार कडक व्हावी म्हणून, पाणी पाजायला नेली. पाण्याचं टाकं भिंतीकडेला, भट्टीपासून लांब. तिनं पात पाण्यात घातली तेव्हा आवाज आला, पण तो बसका. चर्र झालंच नाही. ती तशीच उभी राहिली. मग तिनं पुन्हा पात तापवली, आणि या वेळी पावलं न टाकता नुसती हवेत धरून बघत राहिली. लालभडक पात बघता बघता काळवंडली. टाक्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिची धग निघून गेली होती. कोयता जाडजूड, तो वाटेत थोडा निवला तरी त्याच्या पोटात भरपूर शिल्लक असतं. या बोटभर पातीजवळ शिल्लक काही नव्हतं.

"अवं, हे टाकं एवढं लांब कामून ठेवलंय?" तिनं विचारलं.

"पयल्यापासून तिथंच हाय."

"पर कामून?"

वैजीनाथ डोकं खाजवायला लागला आणि मग दोघांनाही एकदमच कळलं. टाकं लांब होतं ते घणासाठी. भट्टी आणि टाक्यामधली ती सगळी जागा सारजाबाईच्या हातांची होती. घण मागं जायचा, वरून फिरून यायचा, त्याला मोकळी जागा हवी. कुणीतरी सासू, कुणीतरी आजेसासू तिथंच उभी राहून घण घालून गेली होती, आणि टाकं त्यांच्या मागं सरकत सरकत भिंतीला लागलं होतं. आता तिथं घण फिरणार नव्हता.

"वढा ते हिकडं," सारजाबाई म्हणाली.

पण भट्टीशेजारी ओढलेल्या टाक्यातल्या पाण्यात पुढच्या चार पाती पाजल्या, त्यांतल्या तीन तडकल्या. पाणी फार तिखट पडत होतं. कोयत्याला ते सोसतं, बारीक पातीला नाही. तिनं टाकं रिकामं करायला लावलं, शेगडीएवढा एक डबा आणला आणि त्यात घरातलं करडईचं तेल ओतलं. वैजीनाथनं कपाळाला हात लावला. "भाजीला काय घालनार?"

"आठ दिवस बिनतेलाची खावा. पित्त कमी व्हईल."

तेल पाजलेली पात तडकली नाही, वाकलीही नाही. कानशीला घासून पाहिली तर कानस नुसती घसरली. पण एवढी कडक पात बारीक काटा लागला तरी धार सोडते. कोयत्याचं त्यावर सोपं असतं. त्याची नुसती धार बुडवायची, मागच्या बाजूत धग ठेवायची, मग तीच धग हळूहळू धारेकडे येऊन कडकपणा मोडते. सुरीला मागची बाजूच नाही. तिला ती धग उसनी द्यावी लागणार होती. सारजाबाईनं जुन्या कोयत्याचा जाड तुकडा भट्टीत लाल केला, विटेवर ठेवला, आणि घासून चकचकीत केलेली पात पाठीवर त्याला टेकवून धरली. पातीवर रंग चढायला लागला. आधी गव्हाच्या काडाचा फिका पिवळा, मग करडईच्या फुलाचा, मग तांबूस, मग जांभळा. जांभळा झाला की पात कामातून गेली. कोयत्यावर हे रंग सावकाश चालत येतात, मध्ये तंबाखू मळून होते. सुरीवर ते पापणी लवायच्या आत धावतात. पहिली जांभळी झाली, दुसरी जांभळी झाली. तिसऱ्या वेळी वैजीनाथ तिच्याशी काहीतरी बोलायला आला आणि तिनं मान न वळवता म्हटलं, "बोलू नका." करडईचं फूल उमललं आणि तिनं पात उचलली.

त्या सुरीची धार दगडावर लावून होईपर्यंत संध्याकाळ झाली. बाभळीची मूठ बसवून तिनं पातीची कड स्वतःच्या नखावर ठेवली. घसरली नाही, जिथं टेकवली तिथंच राहिली. मग तिनं कांद्याची पात उभी चिरली, तीच पुन्हा चिरली, तीच पुन्हा. वैजीनाथनं ते केसासारखे धागे बोटावर घेतले आणि कंदिलाशी धरतात तसे दाराच्या उजेडाशी धरून पाहिले.

"सारजा," तो म्हणाला, "हे आपल्या घरात कुनी केलं न्हाई आजवर."

"मंग आता झालं."

उरलेले तीन कोयते न्यायला रामप्रसाद घरीच आला. टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. वैजीनाथनं ती सुरी त्याच्या हातात ठेवली. रामप्रसादनं मनगटावरचे केस पाहिले, सुरी एकदा फिरवली, आणि मनगट गुळगुळीत झालं. त्यानं परत एकदा पाहिलं.

"भाव तोच?"

"तोच," सारजाबाई म्हणाली.

"वजन बी तेवढंच," तो हसला. "काकू, खरं सांगू? सुरी भारी हाय. पर तेवढ्या भावानं घेनारं येडं ह्या जिल्ह्यात जन्मलं न्हाई. गंगाखेड रोडला त्या नर्सरीवाल्या प्रमोदिनीबाई हायेत ना, त्या मोजल्याबिगर पानी बी पीत न्हाईत. त्यांनी जर कोयत्याच्या भावानं घेतली, तर ह्याच सुरीनं माझी मिशी काढीन."

"मुकादम, मिशी लय जुनी हाय," वैजीनाथ म्हणाला.

"म्हनूनच बिनघोर लावायलोय!"

प्रमोदिनीताईंची नर्सरी म्हणजे हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या लांबच लांब रांगा. परभणीतल्या एका मास्तरांची ही मुलगी शेतीतलं शिक्षण पुरं करून इकडे आली होती आणि मोसंबीची कलमं तयार करून विकायची. सारजाबाई आणि वैजीनाथ सुरी घेऊन गेले तेव्हा प्रमोदिनीताईंनी ती उलटीसुलटी पाहिली, भिंगाखाली धार पाहिली.

"सुरेख आहे, सारजाबाई."

"पर वजनाला कमी हाय म्हनाल."

"वजनाशी माझा काय संबंध? मी भंगारवाली आहे का?" प्रमोदिनीताई म्हणाल्या. "पण सुरेख आहे म्हणून मी भाव देणार नाही. माझ्याकडे शहरातून मागवलेले चाकू आहेत. तुमच्या सुरीनं त्यांच्यापेक्षा जास्त कलमं जगली, तर ती महाग नाही. नाही जगली, तर ती फुकटसुद्धा परवडणार नाही. मोजू या."

त्यांनी दोनशे खुंट निवडले. खुंट म्हणजे रंगपूर लिंबाची रोपं. त्यांच्या सालीला चीर देऊन आत मोसंबीचा डोळा बसवायचा. पहिल्या खुंटाला सारजाबाईची सुरी, त्याच्या शेजारच्याला नर्सरीचा चाकू, पुढच्याला पुन्हा सुरी, असं शेवटपर्यंत. सगळे डोळे एकाच झाडाचे, भरणारी एकटी सविता. सुरीच्या खुंटाला लाल दोरा, चाकूच्या खुंटाला पांढरा.

"एक रांग आमची, एक तुमची केली की झालं," वैजीनाथ म्हणाला. "एवढं इस्कटायचं कामून?"

"एका रांगेला सावली जास्त मिळाली तर जिंकेल सावली, सुरी नाही."

"बरं. मंग आमचा एक बी जास्त जगला की आमी जिंकलो."

"नाही. चार-पाचांचा फरक नशिबानंही पडतो. दहा जास्त जगले पाहिजेत. दहा जास्त जगले तर माझ्या सगळ्या बायांसाठी आणि माझ्या ओळखीच्या दोन नर्सऱ्यांसाठी मिळून चाळीस सुऱ्या. कोयत्याच्या भावानं."

चाळीस सुऱ्या म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत भट्टी विझायची नाही. सारजाबाईनं पदर खोचला. "सविता माझी वळखीची हाय, मागनं कुनी म्हनायला नको की तिनं माझ्या बाजूनं केलं."

"मावशी," सविता खाली बसत म्हणाली, "मेल्या डोळ्यामागं मजुरी कापली जाती. मी कुनाच्याच बाजूची न्हाई. मी माझ्या पोटाच्या बाजूची."

दिवसभर सविता रांगेनं सरकत राहिली. चीर, डोळा, पट्टी, दोरा. सारजाबाई बांधावर बसून बघत होती. सविताचे हात एकसारखेच चालत होते, पण थोड्या थोड्या वेळानं ती चाकू बाजूला धरायची आणि म्हणायची, "दगड द्या." चाकूला दगड लागायचा. सुरीला तिनं दुपारी एकदा, जेवून आल्यावर, दगड मागितला. आणि तोही, ती म्हणाली, सवयीनं.

मग वाट बघणं आलं. डोळा धरला की नाही हे पट्टी सोडल्याशिवाय कळत नाही. मध्ये येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आली. सगळं गाव रानात जेवायला गेलं, कडब्याच्या कोप्यांतून आंबिल आणि भज्जीचा वास सुटला. सारजाबाईनंही केलं, वाढलं, खाल्लं. पण माणिकरावानं दिलेला शब्द पाळला होता. येळवस झाली आणि टेंपो दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, तयारी?"

"भावजी, पट्ट्या आजच सुटनार हायेत. जाता जाता नर्सरीत थांबा."

माणिकरावानं दादाकडे पाहिलं. दादानं खाली पाहिलं. दोघं भाऊ, ड्रायव्हर आणि एक शेजारी अशा चौघांनी मिळून ऐरण टेंपोत चढवली. सारजाबाई पुढं न बसता मागं ऐरणीशेजारी बसली, आणि गंगाखेड रोडच्या खड्ड्यांमधून जाताना एक हात तिच्यावर ठेवून होती.

नर्सरीच्या फाटकाशी ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं. "धा मिंटं," माणिकराव म्हणाला.

सवितानं पट्ट्या सोडून ठेवल्या होत्या. प्रत्येक डोळ्याखाली तिनं पानाचा तुटका देठ मुद्दाम राहू दिला होता. आता नुसतं बोट लावायचं. देठ अलगद गळून पडला तर डोळा खुंटात जिवंत झाला. सुकून चिकटून राहिला तर मेला.

"आधी पांढरे," प्रमोदिनीताई म्हणाल्या.

सविता एक सोडून एक खुंट धरत चालली. देठ पडला की वैजीनाथ तो उचलून ताटात टाकायचा. पांढरे संपले तेव्हा प्रमोदिनीताईंनी ताटातले देठ दोनदा मोजले. अठ्ठ्याहत्तर.

"वाईट नाही," ताट रिकामं करत त्या म्हणाल्या. "नेहमी एवढेच असतात. तुम्हाला अठ्ठ्याऐंशी लागतील."

लाल दोऱ्याचा पहिला खुंट. सवितानं बोट लावलं. देठ पडला.

"धरला."

दुसरा धरला. तिसरा, चौथा. सातव्याचा देठ हलला नाही. वैजीनाथनं डोळे मिटून घेतले. "गेला," सविता म्हणाली आणि पुढे सरकली. मग एकामागून एक देठ पडायला लागले, पिकलेली जांभळं झाडाखाली पडतात तसे, आणि वैजीनाथ ते वेचायला पुरेना. माणिकराव बांधावर उभा होता. तो आधी घड्याळ बघत होता, मग सविताचं बोट बघायला लागला, मग नकळत खाली बसून भावासोबत देठ वेचायला लागला.

"धरला," सविता म्हणाली.

"धरला!" माणिकराव म्हणाला. पन्नासाच्या पुढे तर तोच आधी ओरडायला लागला. साठ. सत्तर. नर्सरीतल्या दुसऱ्या बाया पाण्याचे झारे खाली ठेवून जवळ आल्या. ऐंशी झाले तेव्हा ड्रायव्हरही इंजिन बंद करून आत आला होता.

"सत्त्याऐंशी!"

पुढच्या खुंटाचा देठ चिकटलेला होता. सवितानं दोनदा बोट लावलं. "गेला." ती सरकली, लाल दोरा बाजूला केला, बोट लावलं.

देठ पडला.

"अठ्ठ्याऐंशी!" बायांनी टाळ्या वाजवल्या. माणिकरावानं दादाला मिठी मारली आणि ताटातले देठ सांडता सांडता वाचले. वैजीनाथनं डोळे पुसले, फोन काढला आणि थेट उसाच्या फडात लावला. रामप्रसादचा आवाज कोयत्यांच्या सपासपीतून आला.

"बोला लोहारबुवा!"

"मुकादम, मिशी हाय का जागेवर?"

"हाय की. कामून?"

"तेल लावून ठेवा तिला. सुरी पाठवायलोय."

पलीकडे रामप्रसाद एवढ्या जोरात हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "काकूला सांगा, दोन पाठवा. एक मिशीला, एक मला. कोयत्याच्या भावानं. वर काय देनार?"

"कोथिंबीर," सारजाबाई फोनमध्ये म्हणाली.

माणिकराव ड्रायव्हरकडे वळला. "टेंपो उलटा लाव. ऐरण सोनपेठला न्यायचीय." मग वहिनीकडे वळून तो जरा ओशाळला. "वैनी, मी आराम म्हनलो व्हतो ते..."

"करा की तुमी आराम," सारजाबाई म्हणाली. "ऐरण उतरवून झाली की."

प्रमोदिनीताईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "अजून आठ खुंट राहिलेत."

"आता कशाला, ताई?" वैजीनाथ म्हणाला. "जिंकलो की!"

सारजाबाई ताट घेऊन सविताशेजारी खाली बसली. "मोजा," ती म्हणाली. "समदे मोजा."

सवितानं उरलेल्या आठही खुंटांना बोट लावलं. सात देठ ताटात आले. प्रमोदिनीताईंनी ते दोनदा मोजले.

पांढरा दोरा: शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर. लाल दोरा: शंभरपैकी पंच्याण्णव.